नागपूरच्या वेशीवरची चेन हॉटेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त पुण्याहून नागपूरला सारखं जावं लागतं आणि मुक्काम बहुतेक वेळा वर्धा रोड, मिहान (विमानतळालगतचा उद्योगांचा पट्टा), हिंगणा या बाजूच्या चेन हॉटेलांत असतो. ऑफिसातले नवे लोक, नातेवाईक, मुलाच्या ॲडमिशनसाठी निघालेले मित्र, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठल्या हॉटेलाची जाहिरात नाही आणि कुणाला नाव घेऊन नावं ठेवायचीही नाहीत.

१. चेन हॉटेल म्हणजे काय आणि नागपुरात ती कुठे आहेत?

एकाच नावाखाली, साधारण एकाच साच्यात, अनेक शहरांत चालतं ते चेन हॉटेल. नागपुरात त्यांची मुख्य रांग वर्धा रोडला लागते. प्राइड विमानतळासमोर, रॅडिसन ब्लू त्याच रस्त्यावर शहराकडे, ल मेरिडियन उलट दिशेला मिहानकडे. याखेरीज ॲपवर दिसणारी, एखाद्या साखळीचा बोर्ड लावलेली छोटी हॉटेलं मनीषनगर, सोमलवाडा, हिंगणा रोड, वाडी, कामठी रोड अशी सगळीकडे पसरली आहेत. सदर, रामदासपेठ, सीताबर्डी हे शहर झालं. तिथल्या हॉटेलांबद्दल हे पान नाही.

२. शहरात राहू की वेशीवर?

सकाळी कुठे पोचायचं आहे ते आधी सांगा. मिहानमधल्या कंपन्या, एम्स, बुटीबोरीची एमआयडीसी किंवा पहाटेचं विमान असेल तर वर्धा रोड. हिंगणा एमआयडीसीत काम असेल तर हिंगणा रोड. हायकोर्ट, विधानभवन, सरकारी कचेऱ्या, इतवारीतले व्यापारी यांच्याकडे काम असेल तर मुकाट्याने शहरात राहा. लोक उलटं करतात. आधी स्टार आणि फोटो बघतात, स्विमिंग पूल बघतात, आणि मग रोज सकाळी दहाच्या गर्दीत छत्रपती चौक ओलांडत बसतात. तो पूल तीन दिवसांत एकदाही वापरला जात नाही हे वेगळंच.

संध्याकाळचाही विचार करा. खापरीच्या पुढच्या हॉटेलातून रात्री नऊला पाय मोकळे करायला बाहेर पडलात तर एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. पानाची टपरी शोधायलाही गाडी लागते. ज्याला संध्याकाळी माणसांत फिरायचं आहे त्याला ही हॉटेलं तुरुंग वाटतात. ज्याला जेवून, लॅपटॉप मिटून झोपायचं आहे त्याला यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

३. मेट्रोवर भरवसा ठेवता येतो का?

वर्धा रोडपुरता नक्की. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन याच रस्त्याने जाते. २०१९ च्या मार्चमध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. हिंगणा रोडला ॲक्वा लाइनचं लोकमान्य नगर स्टेशन आहे. दोन्ही लाइनी सीताबर्डीला मिळतात आणि वर्धा रोडहून नागपूर रेल्वे स्टेशनला जायचं तर तिथे गाडी बदलायची. डबे स्वच्छ असतात आणि दुपारी तर बसायला हमखास जागा मिळते.

अडचणी दोन. मेट्रो खापरीला संपते. जामठा आणि बुटीबोरी त्याच्या बरंच पुढे आहेत. दुसरं, रात्री दहाच्या सुमारास सेवा आवरते. उशिराच्या विमानाने येणाऱ्याने ओला, उबर नाहीतर हॉटेलची गाडी धरावी.

४. विमानतळासाठी कुठल्या स्टेशनवर उतरायचं? तीन नावं दिसतात.

एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. विमान पकडायचं असेल तर ‘एअरपोर्ट’. तेही टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. तिथून आत जायला ऑटो किंवा फीडर गाडी लागते. ‘न्यू’ हा शब्द बघून न्यू एअरपोर्टला उतरलेला माणूस बॅग ओढत परत फलाटावर येताना मी पाहिला आहे. हॉटेलच्या जाहिरातीत ‘विमानतळाजवळ’ लिहिलेलं असतं तेव्हाही हेच बघा. धावपट्टीच्या कुंपणाजवळ असणं वेगळं आणि टर्मिनलजवळ असणं वेगळं.

५. एकाच ब्रँडची दोन हॉटेलं इतकी वेगळी का निघतात?

कारण बोर्ड एकाचा आणि इमारत दुसऱ्याची असते. बहुतेक मोठ्या साखळ्या आज स्वतः इमारती बांधत नाहीत. कुणी स्थानिक बिल्डर, उद्योजक किंवा मंगल कार्यालयवाला जागा आणि पैसा घालतो. साखळी एकतर कराराने हॉटेल चालवायला घेते नाहीतर फक्त नाव, बुकिंगची यंत्रणा आणि नियमांचं बाड देते. हा दुसरा प्रकार म्हणजे फ्रँचायझी. चादर कितीची, उशा किती, लॉबीत वास कुठला, हे सगळं बाडात असतं. पण एसीची दुरुस्ती आज करायची की सीझन संपल्यावर, रात्रपाळीला दोन माणसं ठेवायची की एक, हे पैसा घालणारा ठरवतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत केमन्स विल्सन नावाचा माणूस घरच्यांना घेऊन गाडीने सहलीला निघाला आणि रस्त्यावरच्या मोटेलांना वैतागला. त्यातून १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उभं राहिलं. गिऱ्हाइकाला आत शिरण्याआधीच कळलं पाहिजे की खोली कशी असेल, एवढाच त्याचा मुद्दा होता. आपल्याकडे २००४ मध्ये टाटांनी बंगळुरूला इंडीवन नावाने स्वस्त, नेटकं हॉटेल काढलं, तेच पुढे जिंजर झालं.

म्हणून ब्रँडचं नाव वाचून अर्धीच खात्री धरा. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच शाखेबद्दल गेल्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी काय लिहिलं आहे ते वाचा. ‘स्टाफ चांगला’ हे सगळेच लिहितात, ते सोडून द्या. ‘गरम पाणी’, ‘एसी’, ‘आवाज’ हे तीन शब्द शोधा.

६. चार स्टार, पाच स्टार कोण ठरवतं?

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून वर्गीकरण देते आणि ते पाच वर्षांसाठी असतं. पण हे ऐच्छिक आहे. ॲपवर दिसणारे स्टार बऱ्याचदा ॲपनेच दिलेले असतात. आणि स्टार सुविधांना मिळतात, झोपेला मिळत नाहीत.

७. खोली कुठली मागावी?

‘कुठलीही चालेल’ असं रिसेप्शनवर म्हणू नका. कुठलीही म्हणजे जी कुणी घेत नाही ती.

वर्धा रोड हा हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. रात्री ट्रकची रीघ थांबत नाही, त्यामुळे रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली मागा. पण विरुद्ध बाजूला हॉटेलचं लॉन असेल तर आधी त्या रात्री लग्न आहे का ते विचारा (प्रश्न १५ पाहा). लॉन आणि हायवे यांतून निवडायची पाळी आली तर हायवे घ्या. ट्रकचा आवाज एकसारखा असतो, त्यावर झोप लागते. वरातीच्या डीजेवर लागत नाही.

लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली खोली नको. बर्फाचं मशीन किंवा हाउसकीपिंगची खोली शेजारी नको, कारण पहाटे पाचला ट्रॉल्या निघतात. उन्हाळ्यात पश्चिमेची खोली तर अजिबात नको. ते का, ते पुढच्या उत्तरात.

८. मे महिन्यात नागपुरात हॉटेलात राहणं सुसह्य असतं का?

आत असेपर्यंत. मेमध्ये पारा ४५ च्या पलीकडे जाणं इथे बातमी नसते. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा मात्र देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नागपूरकर हसले, पण ‘असेलही’ म्हणणारे काही होतेच.

इथली जुनी घरं उन्हाशी जमवून घेतात. जाड भिंती, खिडकीला वाळ्याचे पडदे आणि लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर. चेन हॉटेलाचा साचा मात्र कुठल्याही शहरात तोच, म्हणजे समोर अखंड काच. दुपारी चारनंतर पश्चिमेची काच तापायला लागते. तुम्ही सहाला कामावरून परत येता, तोपर्यंत दाराजवळच्या खाचेतलं खोलीचं कार्ड काढल्यामुळे एसी बंद असतो आणि खोलीची भट्टी झालेली असते. १८ वर टाकला तरी थंड व्हायला तास जातो. उपाय साधा आहे. निघताना जाड पडदा पूर्ण ओढा, मधली फट टॉवेल-हँगरच्या क्लिपांनी बंद करा आणि परतण्याआधी अर्धा तास रिसेप्शनला फोन करून एसी चालू करायला सांगा. मागितलं तर चांगली हॉटेलं हे करतात. आपण होऊन कुणी करत नाही.

नळाचं ‘थंड’ पाणीही या दिवसांत गरम येतं कारण टाकी गच्चीवर असते. पहाटे अंघोळ करा. आणि दुपारी बारा ते चार बाहेरची मीटिंग ठरवूच नका, स्थानिक माणूसही ठरवत नाही.

९. सकाळी गाडीने सातला उतरतो, खोली दुपारी दोनला. मधे काय करायचं?

मुंबईहून दुरांतोने किंवा विदर्भ एक्स्प्रेसने येणाऱ्यांचा हा कायमचा प्रश्न. आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली मागा. ॲपवरच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहू नका, ती कुणी वाचत नाही. हॉटेल रिकामं असेल तर नऊपर्यंत देतात, काही जण अर्ध्या दिवसाचे पैसे मागतात. हमखास खोली हवी असेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करा. पण मग ‘सकाळी सातला येतो’ हे कळवायला विसरू नका. नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द करून खोली दुसऱ्याला दिलेली असते.

‘सर, रूम रेडी होऊन राह्यली, दहा मिनिटं’ हे वाक्य ऐकलं की सरळ नाश्त्याला जा. दहा मिनिटांचा अर्थ नागपुरातही पुण्यासारखाच आहे.

१०. नाश्ता धरून बुकिंग करावं का?

हॉटेल वस्तीपासून लांब असेल तर करावं. बाहेर काही मिळत नाही. मनीषनगर किंवा छत्रपती चौकाजवळ असाल तर करू नका, बाहेर पडा आणि तर्री पोहे खा.

आता बुफेबद्दल. इडली-सांबार, पुरी-भाजी, कॉर्नफ्लेक्स, अंड्याचा काउंटर, पपई-कलिंगड, गोड बन. नागपुरात आहात याची एकमेव खूण म्हणजे झाकणाखालचे पोहे आणि तेच सगळ्यात वाईट. पिवळे, कोरडे, वर वाळलेली कोथिंबीर, शेजारी वाटीत शेव. तर्री नसते. काळ्या चण्याचा तो लाल रस्सा पांढऱ्या टेबलक्लॉथला झेपत नसावा. एका हॉटेलात मी विचारलं, तर पोरगा आत गेला आणि स्टाफसाठी केलेली तर्री वाटीतून घेऊन आला. वर तेलाचा तवंग, तळाशी चणे. शेजारच्या टेबलावरच्यांनी ती बघून मागितली आणि पुढच्या खेपेला बुफेत तर्रीचं भांडं आलेलं होतं. तेव्हा मागून बघायला हरकत नाही.

‘ताजा संत्र्याचा रस’ असेल तर महिना बघा. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरला येतो आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. जूनमध्ये ग्लासात जे येतं ते खोक्यातलं असतं, मग ते संत्र्यांच्या शहरात का असेना.

बुटीबोरीच्या पहिल्या पाळीला पोचायचं असेल तर नाश्ता सुरू होण्याआधीच निघावं लागतं. आदल्या रात्री डबा सांगून ठेवा. सँडविच, केळं, ज्यूसचं खोकं एवढं मिळतं.

११. सावजी हॉटेलातच खावं का?

नको. हॉटेलच्या मेनूत ‘सावजी चिकन’ असतं, पण ते देशभरातल्या पाहुण्यांना सोसेल असं सौम्य केलेलं असतं. सावजी ही मुळात हलबा कोष्टी विणकर घरांतली चूल आहे. खसखस, खोबरं, काळे मसाले भाजून वाटलेला, तेलात पोहणारा रस्सा. तो सौम्य झाला की नुसती तपकिरी ग्रेव्ही उरते आणि त्याच थाळीच्या पैशांत शहरात चार जण जेवतात. मेट्रोने सीताबर्डी गाठा आणि तिथून ऑटोने महाल-इतवारीकडे. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा मागा. दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर मात्र बुफेतला दही-भातच बरा.

१२. वीस रुपयांची पाण्याची बाटली ऐंशीला लावली. हे चालतं का?

बसून जेवता त्या ठिकाणी चालतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट नुसती बाटली विकत नाही, सोबत जागा आणि सेवाही देतं, म्हणून छापील किमतीहून जास्त घेता येतं. खोलीत ज्या दोन बाटल्यांवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असतं त्या फुकट. फ्रिजमधल्या नाहीत.

सर्व्हिस चार्जचं वेगळं आहे. तो बिलात आपोआप जोडू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दिसला तर काढायला सांगा. सहसा वाद न घालता काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१३. बिलात जीएसटी किती येतो? कधी पाच, कधी अठरा दिसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. पूर्वी खालच्या टप्प्याला १२ होते. ही पायरी मधे आहे आणि तिच्यावर लोक आपटतात. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते. भाडं फक्त शंभराने वाढून ७,६०० झालं की बिल ८,९६८ होतं. दर रोज बदलतात, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत तीच खोली पायरी ओलांडते. अशा वेळी रिसेप्शनवर ‘शंभर कमी करा’ म्हणणं म्हणजे हजाराहून जास्त वाचवणं. हॉटेललाही ते पटतं, कारण वरचा पैसा त्यांना मिळत नसतो.

जेवणाचा हिशोब वेगळा. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादीही खोली ७,५०० च्या वर विकली गेली असेल तिथल्या रेस्टॉरंटचं बिल १८ टक्क्यांनी येतं. बाकीच्यांचं पाचने. म्हणून शेजारशेजारच्या दोन हॉटेलांत त्याच वरण-भातावर वेगळा कर दिसतो.

१४. आमची कंपनी हैदराबादची. बिलावर जीएसटी नंबर घातला तरी अकाउंट्सवाले क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही म्हणतात.

बरोबर म्हणतात. हॉटेलच्या सेवेचं ठिकाण म्हणजे जिथे इमारत आहे ते राज्य. नागपूरच्या बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा कर लागतो. कंपनीची महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर तेलंगणाच्या नंबरावर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. महाराष्ट्राचाही नंबर असेल तर तो बुकिंग करतानाच द्या. चेक-आउटच्या वेळी रांगेत उभं राहून सांगितलेला नंबर चुकीचा टाइप होतो आणि बिल बदलून घ्यायला पुढचा महिना जातो.

१५. वर्षातले कुठले दिवस टाळावेत?

डिसेंबर आधी. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं आणि प्रथेने ते हिवाळी असतं. मंत्री रविभवनात आणि आमदार आमदार निवासात राहतात हे खरं, पण त्यांच्यामागून येणारे अधिकारी, कार्यकर्ते, पत्रकार, मोर्चेवाले आणि कामं घेऊन आलेले लोक कुठे राहणार? शहर भरलं की लोंढा वर्धा रोडला वळतो. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी बुकिंग करा आणि पैसे परत मिळणारा दर घ्या, तारखा पुढे-मागे होतात.

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. ते बहुतेक चेन हॉटेलांत उतरत नाहीत, पण रेल्वे, ऑटो आणि त्या भागातले रस्ते भरून जातात. त्या दिवशी गाडीने शहर ओलांडायचा हट्ट धरू नका.

जामठ्याच्या स्टेडियममध्ये आंतरराष्ट्रीय सामना असेल तर वर्धा रोडच्या हॉटेलांचे दर दुपटीला जातात. २००८ मध्ये हे स्टेडियम सुरू झालं, सौरव गांगुलीची शेवटची कसोटी इथलीच. मोठ्या हॉटेलांत संघ उतरले की लॉबीत पोलीस, लिफ्टला पहारा आणि जेवायला उशीर. सामना सुटल्यावर जामठ्याहून शहराकडे यायला दोन तास धरा.

आणि लग्नाचा सीझन, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा एप्रिल-मे. वेशीवरच्या हॉटेलांचा खरा धंदा लॉनवर चालतो, खोल्या त्याच्या आधाराने. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि बरीच हॉटेलं ती पाळतात. पण साडेदहाला डीजे थांबला म्हणजे लग्न थांबलं असं नाही. वऱ्हाड मग तुमच्या मजल्यावर येतं. पोरं पकडापकडी खेळतात, काकू दारं वाजवत ‘पिंकीची साडी तुमच्याकडं आहे का गं’ विचारत फिरतात. अशा वेळी रागावण्यात अर्थ नाही. मजला बदलून मागा.

१६. ओळखपत्र कुठलं चालतं? आधारची झेरॉक्स द्यायला जिवावर येतं.

आधार, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र चालतं. पॅन चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. मी कायम वाहन परवाना देतो, त्यावरून कुणी कटकट केलेली नाही. सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. अमेरिकेहून आलेला भाऊ परदेशी पासपोर्टवर असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) लागेल. अशा पाहुण्याची माहिती हॉटेलला चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते, म्हणून ते अडून बसतात.

१७. माझा पत्ता नागपूरचाच आहे. तरी खोली मिळेल का? आणि लग्न झालेलं नसेल तर?

दोन्ही गोष्टींना कायद्याची मनाई नाही. दोन सज्ञान माणसं एका खोलीत राहू शकतात आणि स्वतःच्या शहरातही हॉटेल घेता येतं. पण हॉटेलं स्वतःचा नियम लावतात. घराचं रंगकाम चालू आहे किंवा पाहुण्यांनी घर भरलं आहे म्हणून खोली मागणाऱ्या सज्जन काकांनाही छोट्या बोर्डवाल्या हॉटेलांत परत पाठवलेलं आहे. मोठ्या साखळ्यांत हा त्रास जवळजवळ नाही. बुकिंग करताना अटींत ‘लोकल आयडी’ शोधा, नाहीतर फोन करून विचारा.

१८. बाईमाणसाला एकटीला वर्धा रोडला राहणं ठीक आहे का?

माझ्या सहकारी मैत्रिणी राहतात आणि याच कारणासाठी चेन निवडतात. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं देतो. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर खोली बदलून मागायची. लिफ्टपासून फार लांब, कॉरिडॉरच्या टोकाची खोली नको. आत शिरल्याबरोबर दाराची आतली कडी आणि जोडखोलीचं दार तपासायचं. रात्रीच्या विमानाने येणार असाल तर हॉटेलची गाडी घ्या, शेदोनशे जास्त गेले तरी. संध्याकाळी बाहेर पडण्याच्या दृष्टीने खापरीपेक्षा छत्रपती चौक-सोमलवाड्याचा पट्टा बरा. दुकानं, माणसं, मेट्रो सगळं पायाखाली.

१९. ॲपवरून बुक करावं की थेट हॉटेलकडे?

दर ॲपवर बघा, मग हॉटेलला फोन लावा. ॲपला जाणारं कमिशन वाचत असल्याने तोच दर आणि वर नाश्ता, असं बऱ्याचदा जुळतं. साखळीच्या सदस्यत्वाचे गुण सहसा थेट बुकिंगवरच मिळतात. शिवाय काही बिनसलं की ॲपवाला हॉटेलकडे बोट दाखवतो आणि हॉटेलवाला ॲपकडे. एका रात्री पैसे भरलेलं बुकिंग घेऊन गेलो तर खोली शिल्लक नव्हती. दोघांना फोन लावता लावता बारा वाजले आणि शेवटी पलीकडच्या हॉटेलात झोपलो. थेट बुकिंग असतं तर दुसरीकडे सोय लावणं त्यांच्या गळ्यात असतं.

एकच अपवाद. अगदी शेवटच्या घटकेला, त्याच रात्रीसाठी, ॲप स्वस्त पडतं.

२०. चेक-इनला कार्डावर पाच हजार ‘अडकवले’. परत कधी येतात?

तो खर्च नाही, राखून ठेवलेली रक्कम आहे. चेक-आउटला सोडतात, बँकेत दिसायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर तेवढे दिवस तुमचेच पैसे अडकतात.

२१. समृद्धीने रात्री येतोय. कुठे थांबू?

समृद्धी महामार्ग नागपूरजवळ शिवमडक्याला सुरू होतो. मुंबईकडून येणाऱ्यासाठी तिथे संपतो म्हणा. पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुला झाला. उतरल्यावर मिहान-वर्धा रोडची हॉटेलं शहरात न शिरता गाठता येतात, त्यामुळे रात्री उशिरा येणाऱ्याला तीच सोयीची. पार्किंग मोफत आणि आवारात, हा वेशीवर राहण्याचा मोठा फायदा. ड्रायव्हर सोबत असेल तर त्याच्या झोपण्याची सोय आधीच विचारा. बऱ्याच हॉटेलांत ती नसते आणि दहा तास गाडी चालवलेला माणूस मागच्या सीटवर झोपतो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्याच्याच भरवशावर परतायचं असतं.

२२. ताडोबा किंवा पेंचला जाताना एक रात्र इथे काढावी का?

विमान संध्याकाळी उतरत असेल तर काढा. ताडोबाला जायचं असेल तर वर्धा रोडचा पट्टा सोयीचा. पेंच मात्र उत्तरेला, जबलपूरच्या रस्त्याने, तेव्हा वर्धा रोडला उतरलात तर सकाळी पूर्ण शहर आडवं येतं. कामठी रोडला राहा नाहीतर सरळ पुढे जा. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात. त्या दिवसांत ही हॉटेलं स्वस्तही मिळतात.

२३. पंधरा दिवस किंवा महिनाभर राहायचं असेल तर?

आठवड्याच्या पुढे दर वेगळा असतो, पण तो संकेतस्थळावर नसतो. सेल्स मॅनेजरशी बोलावं लागतं. त्यात नाश्ता, रोज दोन कपड्यांची इस्त्री आणि एक वेळचं जेवण घालून मागा. हॉटेलची धुलाई शर्टामागे जे घेते त्यात बाहेरचा धोबी आठवड्याचे कपडे धुतो. रिसेप्शनवर विचारा, सांगतात, फक्त मॅनेजर समोर नसताना.

तरीही दहा-बारा दिवसांनी बुफेचा वास नकोसा होतो. माझं मत विचाराल तर महिनाभरासाठी हॉटेल घेऊच नका. मनीषनगर, बेसा भागात सामानासकट फ्लॅट भाड्याने मिळतात, डबेवाल्या बायका आहेत, भाजी दारावर येते. कंपनीला बिल लागतं म्हणून लोक हॉटेलात अडकून राहतात. फ्लॅटवालाही रीतसर पावती देऊ शकतो, करार करतानाच ते लिहून घ्या.